लवू मेस्त्रींची तिसरी ओळ

लवू मेस्त्रींना मी ओळखत होतो असं म्हणताना मला जरा संकोच वाटतो. अकरा वर्षं मी त्यांच्या दुकानावरून शाळेत शिकवायला गेलो आणि परत आलो, पण त्यांचं गाव मालवणच्या अलीकडे की पलीकडे हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांना मूल होतं की होऊन गेलं होतं, हे विचारायचा धीर झाला नाही. एवढ्या माहितीवर एखाद्या माणसाबद्दल लिहू नये, हे मला कळतं. मला लिहायची सवयही नाही. पण पुढचं जे आहे त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, थोडं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि बरंचसं त्यांच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, नळावर सगळ्या बायकांना सांगितलेलं आहे. त्यात माझी बायकोही होती. तेव्हा चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हशींचा तबेला आणि पिठाची गिरणी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मेस्त्रींचं फ्रेमचं दुकान होतं. एका बाजूने शेणाचा वास, दुसऱ्या बाजूने पिठाचा धुरळा. त्यामुळे काच पुसून पुसून मेस्त्रींच्या उजव्या हाताला कायमचं वळण पडलं होतं. बोलतानाही तो हात हवेत गोल फिरत असे. ते जातीचे सुतार, आधी परळच्या एका गिरणीत लाकूडकामाला होते. गिरणीत काय बिनसलं कोण जाणे, पण त्रेसष्ट साली मी या भागात राहायला आलो तेव्हा त्यांचं दुकान चांगलं चालत होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर नमुन्याच्या फ्रेमा लावलेल्या असत, आणि त्या भिंतीला कायदा होता. सगळ्यात वरच्या ओळीत देव. त्यांना सोनेरी नक्षीची रुंद पट्टी. दुसऱ्या ओळीत संत आणि पुढारी, त्यांची पट्टी सोनेरीच, पण बारीक. तिसऱ्या ओळीत गेलेली माणसं. त्यांना काळी पट्टी, आतून चंदेरी रेघ, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना हार अडकवायला दोन पितळी हुक. चौथ्या ओळीत लग्नाचे फोटो, सर्टिफिकेटं, डिप्लोमे. आणि सगळ्यात खाली, जिथे गिऱ्हाइकाचा गुडघा लागत असे, तिथे सिनेमातले नट, काश्मीरच्या सिनऱ्या आणि दाढीचे आरसे.

ही उतरंड मोडायची कुणाला परवानगी नव्हती. एकदा एक तरुण एका नटीचा फोटो घेऊन आला आणि त्याला देवाची पट्टी हवी म्हणाला. मेस्त्रींनी त्याला शांतपणे अंधेरीच्या एका दुकानाचा पत्ता दिला. आमच्या भागातले एक पुढारी दुसऱ्या ओळीत होते. ते म्युनिसिपालिटीची निवडणूक हरले त्या आठवड्यात मेस्त्रींनी त्यांना काढून सर्टिफिकेटांच्या शेजारी लावलं. पुढल्या वर्षी ते वारले तेव्हा त्यांना परत वर, तिसऱ्या ओळीत नेलं. दुसरीत का नाही, असं मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, मेला म्हणून कोणी निवडून येत नाही.

या तिसऱ्या ओळीवर त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान होता, कारण तिच्यात कसब होतं. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येणारा बहुधा रडवेला असतो. फोटो पुढे करतो आणि दुसरीकडे बघतो. अशाला, "हे आहेत की गेले?" असं विचारायचं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून मेस्त्री कधीच विचारत नसत. फोटो बघूनच ओळखत. एकटा माणूस, मोठा केलेला फोटो, तोंड समोर, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्यात पण कॅमेऱ्याच्या पलीकडे, की समजायचं. हुक लावायचे. फ्रेम कागदात गुंडाळून हातात द्यायची आणि एक शब्द बोलायचा नाही. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि हे ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवत.

सहासष्टच्या दिवाळीनंतर एके दिवशी दुकानासमोर टांगा थांबला आणि त्याच्यातून एक तरुण चार मोठे कॅनव्हास घेऊन उतरला. दाढी वाढलेली, खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी. नाव नंदकुमार. मजासवाडीत खोली घेऊन चित्रं काढत होता. मेस्त्रींनी कॅनव्हास भिंतीला टेकवून उभे केले आणि बराच वेळ बघितले. करडा रंग, त्याच्यावर तपकिरी, मध्ये कुठेतरी एक लाल फराटा. देव नव्हता, माणूस नव्हता, सर्टिफिकेटही नव्हतं. मेस्त्रींनी थोडा विचार केला आणि ते चारही उचलून खाली गुडघ्याशी ठेवले. सिनरी.

नंदकुमार दुखावला. पण त्याहून जास्त मेस्त्री दुखावले, कारण त्याने सांगितलेली पट्टी पाव इंच जाडीची, साधी, नुसती सागवानी, पॉलिशही नाही. फ्रेम दिसता कामा नये, असं तो म्हणाला.

"दिसूक नको?" मेस्त्री म्हणाले. "मग मी कित्याक?"

तरीही त्यांनी ते काम घेतलं, आणि घेतल्यावर त्यांच्यातला सुतार जागा झाला. नक्षीची पट्टी असली की कोपऱ्यातली फट लांबीचा लगदा भरून झाकता येते. साध्या पट्टीला लपायला जागाच नाही. दोन पट्ट्या अशा भिडल्या पाहिजेत की नखसुद्धा आत जाणार नाही. मेस्त्रींनी पहिल्या चार फ्रेमांना आठवडा लावला. नंदकुमारने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मेस्त्रींना ते फार आवडलं. देवांच्या फ्रेमा घेऊन जाणाऱ्यांपैकी आजवर कुणी कोपरा बघितला नव्हता.

मग तो वरचेवर येऊ लागला. चहा दुकानातच व्हायचा. नंदकुमारचे वडीलही परळच्या गिरणीतले, कोकणातलेच, पण तो स्वतः इतकं स्वच्छ मराठी बोलायचा की मेस्त्रींना आधी तो पुण्याचा वाटला होता. त्याच्याकडून मेस्त्रींना चित्रकारांच्या जगाची माहिती मिळायची आणि ती ऐकून ते मला सांगायचे. तिथेही म्हणे उतरंड होती. पॅरिसला जाऊन आलेले सगळ्यात वर. त्यांच्या खाली लंडनवाले. मग ज्यांची दिल्लीत ओळख आहे ते. मग नुसतेच जे.जे.तून पास झालेले, ज्यांच्यात नंदकुमार होता. त्याखाली जाहिरातीच्या कंपनीत साबणाच्या वड्या रंगवणारे. त्यांच्या खिशात पैसे असतात, म्हणून त्यांच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करायच्या, पण चित्रांबद्दल बोलायचं नाही. मग शाळेतले ड्रॉइंग मास्तर. आणि तळाला सिनेमाचे बोर्ड रंगवणारे.

मेस्त्रींना हे ऐकून परमानंद झाला. एवढी शिकलेली माणसं आणि त्यांनीही भिंतीवर ओळी पाडल्या होत्या.

"आणि फ्रेमवालो खय?" त्यांनी विचारलं.

नंदकुमार प्रामाणिक होता. तो म्हणाला, फ्रेमवाला ओळीतच नाही.

हे मात्र मेस्त्रींना लागलं. तळाला आहे असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खालून मोजलं तर तळाचा पहिला असतो. पण ओळीतच नाही?

त्यात अडुसष्ट साली एक गोष्ट घडली. नंदकुमारची चित्रं चारजणांच्या एका प्रदर्शनात लागायची होती. मेस्त्री स्वतः टेम्पोत बसून फ्रेमा घेऊन फोर्टातल्या एका गॅलरीत गेले. शिपायाने त्यांना मागच्या जिन्याने वर घेतलं, फ्रेमा मोजून घेतल्या आणि जिन्यातच थांबायला सांगितलं. ते तासभर थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणी बोलवायला येणार नाही. खाली उतरून समोरच्या फुटपाथवर गेले तर मोठ्या काचेतून आत लागलेले दिवे, माणसं आणि स्वतःच्या फ्रेमा दिसत होत्या. कोपरे तिथून दिसत नव्हते. पुढच्या दाराने एक बाई आत गेली, तिला दार उघडून धरायला एक वेगळा शिपाई होता.

त्या रात्री जेवताना त्यांनी शेवंतीवहिनींना एकच वाक्य सांगितलं, असं वहिनी सांगत. "एकदा भितुर जावक व्हया. पुढच्या दारान." वहिनी म्हणाल्या, जाल. आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे टेरिलिनचं कापड टाकलं. तो पांढरा शर्ट शिवून आला आणि ट्रंकेत पडून राहिला. मेस्त्रींनी तो एकाही लग्नाला घातला नाही. कशासाठी ठेवलाय ते आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. नंदकुमारलाही माहीत झालं असावं, कारण त्याने शब्द दिला की माझं एकट्याचं प्रदर्शन होईल तेव्हा पहिलं कार्ड मेस्त्रींना.

एकट्याचं प्रदर्शन व्हायला एकाहत्तर साल उजाडलं. त्या गॅलरीची जागा तुळशीदास शेठ नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची होती. त्यांनी नंदकुमारला आठवडाभर हॉल फुकट दिला. त्याच्या बदल्यात नंदकुमारने शेठचं मोठं चित्र काढून द्यायचं, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या चित्राचं अनावरण करायचं, असं ठरलं. नंदकुमारला याची लाज वाटत होती. समोर बसवून माणसाचं हुबेहूब चित्र काढणं हे पॅरिसवाल्यांच्या लेखी फोटोग्राफरचं काम. म्हणून त्याने ते घाईघाईत, फोटोवरून उरकलं आणि इतर बारा चित्रांबरोबर मेस्त्रींच्या दुकानात आणून ठेवलं. हा कोण, कशासाठी, काही बोलला नाही. सगळ्यांना तीच साधी पट्टी, एवढं सांगून कार्डं छापायला पळाला.

मेस्त्रींनी चित्र उभं केलं. एकटा माणूस. मोठं चित्र. डोक्यावर टोपी, कपाळाला गंध, तोंड समोर, ओठ मिटलेले. नजर पलीकडे लागलेली. मेस्त्रींना क्षणभरही शंका आली नाही. पट्टी साधीच लावली, कारण शब्द दिला होता. पण वरच्या दोन कोपऱ्यांना त्यांनी पितळी हुक लावले, आणि तेही नेहमीचे पातळ नाहीत, जाड. चिंचेने घासून लखलखीत केले. हुकांबद्दल नंदकुमारला काही सांगितलं नाही. हे सांगायचं नसतं.

गॅलरीत पोचल्यावर तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिथल्या शिपायाला वाटलं, हुक पडद्यासाठीच आहेत. त्याने अनावरणाचा रेशमी पडदा बरोबर त्या दोन हुकांना अडकवला आणि काम सोपं केल्याबद्दल मनातल्या मनात फ्रेमवाल्याचे आभार मानले असतील.

कार्ड आलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मेस्त्री ते घेऊन माझ्याकडे आले. पाकिटावर नंदकुमारने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं होतं, श्री. व सौ. लवू मेस्त्री. मी आतलं वाचून दाखवलं. तुळशीदास शेठ यांच्या चित्राचं अनावरण, मग प्रदर्शनाचं उद्घाटन, मग चहापान. आता कबूल करतो की निम्मी चूक माझी. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. अनावरण हा शब्द मी आयुष्यात फक्त वारलेल्या माणसांच्या बाबतीत वाचला होता. मी म्हटलं, कुणीतरी मोठे दानशूर होते वाटतं. मेस्त्रींनी मान डोलावली. त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी टेरिलिनचा शर्ट बाहेर निघाला. शेवंतीवहिनी हिरवं लुगडं नेसल्या आणि केसात अबोली माळली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मेस्त्रींनी दादरला उतरून निशिगंधाचा जाड हार घेतला आणि केळीच्या पानात गुंडाळून बरोबर ठेवला. गॅलरीचं पुढचं दार शिपायाने उघडून धरलं. मेस्त्री त्यातून आत गेले, आणि वहिनी सांगत की आत गेल्यावर त्यांनी परत बाहेर येऊन पुन्हा एकदा आत जायचं मनात आणलं होतं, पण वहिनींनीच हात धरला.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ टोपी घालून, चहा घेत बसले होते. वहिनींनी ते पाहिले तेव्हा पडदा अजून खाली पडायचा होता. पडदा पडला, टाळ्या वाजल्या, आणि वहिनींनी एकदा चित्राकडे आणि एकदा पहिल्या रांगेकडे बघितलं.

"अवो," त्या कुजबुजल्या, "ह्यो म्हातारो थेट तसोच दिसता."

"भाव आसतलो," मेस्त्री म्हणाले.

टाळ्या थांबल्या तरी हार घेऊन कुणी पुढे येईना. मेस्त्रींनी थोडा वेळ वाट पाहिली. एवढा मोठा माणूस, एवढी माणसं जमलेली, भाऊसुद्धा हजर, आणि एकानेही हार आणलेला नाही. त्यांना वाईट वाटलं. शहरातल्या माणसांना सुचत नाही, आपल्याला सुचलंय तर मागे राहू नये, असा विचार करून ते उठले. पान सोडलं, कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली, तिच्यावर उभे राहिले आणि हार दोन्ही हुकांना नीट सारखा अडकवला. खाली उतरून हात जोडले. डोळे मिटले. वळले, तर सबंध हॉल उभा होता आणि भाऊ हातात चहाचा कप धरून त्यांच्याकडे बघत होता.

नंदकुमार धावत आला. शेठजींना म्हणाला, माफ करा, हा आमचा फ्रेमवाला सुतार, अडाणी आहे, त्याला कळत नाही. मागे पॅरिसवाल्यांपैकी एकाने दोन टाळ्या वाजवल्या. त्याला हे सगळं ठरवून केलेलं वाटलं असावं.

शेठनी कप खाली ठेवला. ते रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी मेस्त्रींना जवळ बोलावलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "तुला कोण बोलला, मी गेला म्हणून?"

"कोणी सांगूक नाय, शेटनू," मेस्त्री म्हणाले. "चित्र बघून वाटला."

शेठ उठले. हात मागे बांधून चित्रासमोर गेले आणि स्वतःच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग मान हलवली.

"नंदकुमार," ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतो. हे घरी नका पाठवू."

एवढं बोलून ते उरलेला चहा प्यायले आणि निघून गेले. चित्र गेलं नाही, आणि पुढे तो हॉलही नंदकुमारला मिळाला नाही.

खाली जिन्याच्या पायऱ्यांवर नंदकुमारने मेस्त्रींना गाठलं. त्याच्या स्वच्छ मराठीचं काय झालं देव जाणे. "वाट लावलास माझी, मेस्त्री," तो ओरडला. "जित्या माणसाच्या चित्राक कोण हार घालता?" मेस्त्री खाली मान घालून उभे. त्यांना चूक मान्य होती. इतक्या वर्षांतली पहिली चूक, आणि तीही सगळ्या ओळींसमोर. बोलल्या त्या वहिनी.

"तू आमका कार्ड दिलंस," त्या म्हणाल्या, "ता मेस्त्री म्हणान की माणूस म्हणान? ताच अगोदर सांग."

नंदकुमार वळून जिना चढून गेला. मेस्त्री आणि वहिनी चालत स्टेशनकडे गेली. मेस्त्रींनी वाटेत एवढंच विचारलं, की 'अडाणी' तो रागाच्या भरात म्हणाला की नेहमीच म्हणत होता. वहिनी म्हणाल्या, ते आता कळायचं नाही.

त्यानंतर नंदकुमार दुकानात यायचा बंद झाला. त्याच्या फ्रेमा फोर्टातल्या एका दुकानात होऊ लागल्या. त्या दुकानाची म्हणे प्रत्येक फ्रेमच्या पाठीला छापील चिठ्ठी असते. मेस्त्रींनी टेरिलिनचा शर्ट रोज घालायला काढला. पंधरा दिवसांत त्याच्यावर सरसाचे डाग पडले, आणि ते डाग बघून आम्हाला काही विचारायची हिंमत होईना.

त्यांच्या धंद्यावर मात्र वेगळाच परिणाम झाला. त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडाला. आता ते प्रत्येकाला विचारू लागले. एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली, मेस्त्रींनी फोटोकडे न बघता विचारलं, "जिते आसत मां?" बाई तिथेच फळीवर डोकं टेकून रडायला लागली. गिरणीवाल्याला पाणी आणावं लागलं. दुसरा एकजण आपल्या ठणठणीत आजोबांचा फोटो घेऊन आला होता. हाच प्रश्न ऐकून त्याने फोटो काढून घेतला आणि अंधेरीला गेला. मी एकदा धीर करून म्हटलं, मेस्त्री, पूर्वीसारखं बघून ओळखा ना. ते म्हणाले, आता चेहरा बघितला की आधी खुर्चीवरचा म्हातारा दिसतो.

तिसऱ्या ओळीत त्यांनी नवीन नमुना लावलाच नाही.

तिकडे नंदकुमार चढत गेला. त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो चक्क पॅरिसला वर्षभर राहून आला. म्हणजे एकदम वरच्या ओळीत. ही बातमी मी मेस्त्रींना पेपरमधून वाचून दाखवली तेव्हा त्यांनी हातातली पट्टी काटकोनाच्या गुण्याला लावून बघितली आणि म्हणाले, बरं झालं, पोरगा मेहनती होता.

आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत पोस्टाने कार्ड आलं. तीच गॅलरी. शेठचा मुलगा आता कारभार बघत होता आणि त्याला पॅरिसहून आलेला माणूस चालत होता. पाकिटावर तेच अक्षर, श्री. व सौ. लवू मेस्त्री. या खेपेस मेस्त्रींनी एकही फ्रेम केलेली नव्हती. म्हणून ते गोंधळले. मागल्या वेळी फ्रेमा केल्या म्हणून कार्ड आलं, हे समजण्यासारखं होतं. आता कशाचं? आठवडाभर ते कार्ड गुण्याखाली दाबून ठेवलेलं मी बघत होतो. जायचं नाही असं ते सांगत, आणि हात हवेत काच पुसत राही.

शेवटी वहिनींनी निकाल दिला. फ्रेमा नसताना आलंय, म्हणजे हे खरं कार्ड आहे, असं त्या म्हणाल्या. मेस्त्रींना ते पटलं की नाही माहीत नाही, पण ती दोघं गेली. शर्ट दुसरा होता, साधा पॉपलिनचा. हार नेला नाही. वहिनींनी फक्त ओटीतून चार पेढे नेले, कुणाला द्यायचे ते तिथे बघू म्हणून.

तिथे काय झालं ते वहिनींच्याच शब्दांत सांगायला हवं, पण मला तसं जमणार नाही. नंदकुमार गर्दीत उभा होता. मेस्त्रींना बघून तो पुढे आला, वाकून नमस्कार केला, आणि त्यांना हाताला धरून पॅरिसवाल्यांच्या घोळक्यात नेलं. "हे लवू मेस्त्री," तो म्हणाला. एवढंच. फ्रेमवाला नाही, सुतार नाही, आमच्या बाजूचे नाही. पुढचं काहीतरी येईल म्हणून सगळे थांबले. पुढे काही आलं नाही. आता त्या जगात पुढे काहीही न लावता ज्याचं नुसतं नाव सांगतात तो फार मोठा माणूस असतो, हे मला नंतर एका शिकलेल्याने सांगितलं. घोळक्यातल्या प्रत्येकाने मान झुकवली. एकाने खुर्ची आणून दिली. मेस्त्री तिच्यावर बसले आणि त्यांनी चित्रांकडे बघायला सुरुवात केली.

चित्रांकडे म्हणणं बरोबर नाही. ते कोपरे बघत होते. एकेका चित्रासमोर खुर्ची सरकवून, चष्मा कपाळावर घेऊन, चारही कोपरे. सबंध हॉलमध्ये त्यांच्याइतका वेळ कुणी चित्रांपुढे घालवला नसेल. शेवटी एक बाई, लंडनच्या ओळीतली, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्यांना अदबीने विचारलं की या चित्राबद्दल तुमचं काय मत. मेस्त्री थोडे लाजले. पण विचारलंय तर खरं सांगावं म्हणून म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात फट आसा."

बाईने त्या करड्या रंगाच्या डाव्या अंगाकडे डोळे बारीक करून बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, हो, मलाही काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. आणि ती ते इतरांना सांगायला गेली.

हे नंदकुमारने ऐकलं होतं. वहिनी सांगत, तो भिंतीकडे तोंड करून हसत होता, अगदी खांदे हलेपर्यंत. मग त्याने मेस्त्रींजवळ येऊन हळूच विचारलं, खरंच फट आहे का. मेस्त्रींनी त्याचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. नखाएवढी फट होती. पेढे त्यानेच खाल्ले, चारही.

पुढच्या आठवड्यात माझी बदली मुलुंडच्या शाळेत झाली, तीही तडकाफडकी. मुलाच्या स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट मी मेस्त्रींकडे फ्रेमला टाकलं होतं, पण ज्या शनिवारी ते आणायचं होतं त्या दिवशी मला ताप आला आणि मुलाला पाठवलं. मग बिऱ्हाड हललं. मग त्यांनी दुकान विकलं आणि ते गावाला गेले, आणि पाच-सहा वर्षांनी वारल्याचं कळलं. नंदकुमारने पुन्हा त्यांच्याकडे फ्रेमा दिल्या होत्या की नाही, हेही मला ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं. तेव्हा आमचं शेवटचं बोलणं म्हणजे त्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत जाताना, दुकानाच्या पायरीवर झालं तेवढंच. मेस्त्री काच पुसत होते.

मी विचारलं, "काय मेस्त्री, कसं होतं?"

"चाय बरी होती," ते म्हणाले. "साखर कमी."

"आणि माझं सर्टिफिकेट?"

"काच अजून येवची आसा. शनवारी येवा."

"शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी येतो."

"दोन वाजल्यार येवा. तेच्या आधी मी जेवक जातंय."

मी बरं म्हटलं, आणि घंटा व्हायच्या आत पोचायचं होतं म्हणून पुढे निघालो.